शस्त्राची कांती आणि कारागिराची मजुरी

आश्विन शुद्ध नवमी जवळ आली म्हणजे घरोघरी आयुधांची झाडलोट सुरू होते. शेतकरी नांगराचा फाळ घासतो, सुतार पटाशीला धार लावतो. ज्या घरात परवान्याची बंदूक वा रायफल आहे, तेथे ती भिंतीवरून खाली उतरते. नळीवरची निळसर काळी झाक उडाली आहे, जागोजागी तांबूस डाग दिसत आहेत, हे यजमानांच्या ध्यानी येते. मग बंदूक कारागिराकडे जाते आणि त्याने मजुरी सांगितली की उद्गार निघतो, "एवढ्याशा काळ्या रंगाला इतके पैसे?" या उद्गाराचाच आज विचार करावा, असे आम्हांस वाटते. त्यात दोन गैरसमज आहेत. एक वस्तूविषयी आणि दुसरा माणसाविषयी.

शस्त्र उजळणे हा आपल्याकडे फार जुना व्यवसाय आहे. अमरकोशात या कारागिरास 'शस्त्रमार्ज' आणि 'असिधावक' अशी दोन नावे दिली असून, कोशकाराने त्याला चित्रकाराच्या शेजारीच बसविले आहे. पुढे फारसीतून आलेला 'शिकलगार' हा शब्द मराठीत रुळला. त्याचाही अर्थ झिलई देणारा असाच आहे. महाराष्ट्रात आजही हे आडनाव आढळते. ज्या कामासाठी भाषेने इतकी नावे जपली, ते काम हलके कसे म्हणावे?

आता वस्तूचा विचार करू. बंदुकीच्या नळीवरची ती झाक म्हणजे रंग नव्हे. इंग्रजीतून आलेल्या शब्दाने तिला ब्ल्यूइंग म्हणतात. पोलादाच्या पृष्ठभागाचेच रूपांतर करून लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, एक थर त्यावर उत्पन्न केलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन हजारांशाएवढी. इतक्या पातळ थराखाली काहीच झाकले जात नाही. पोलादावरचा ओरखडा, खड्डा, कानशीचा फटकारा, सारे त्यातून जसेच्या तसे दिसते. म्हणून खरे श्रम आहेत ते थर चढण्याआधी. बंदूक सुटी करायची, जुना थर आणि गंज काढायचा, मग खरखरीतापासून बारीक कागदापर्यंत एकेक पायरी उतरत पोलाद हाताने घासायचे, तेलाचा अंशही राहू नये असे धुवायचे, आणि मगच कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षारांच्या उकळत्या द्रावणात ते सोडायचे. हे द्रावण सुमारे १४० अंश सेल्सियसला उकळते. त्याचा एक थेंब हातावर उडाला तर कातडी जाते. यजमानांना दिसते ती शेवटची अर्ध्या तासाची बुडी. मजुरी असते ती आधीच्या दिवसांची.

दुसरी पद्धत याहून जुनी आणि संथ आहे. तीत पोलादाला मुद्दाम गंजू देतात. हलका, एकसारखा तांबूस गंज धरला की तो भाग स्वच्छ पाण्यात उकळतात. तांबडा गंज काळा होतो. वरची सैल भुकटी बारीक तारेच्या ब्रशाने झाडतात आणि पुन्हा गंजवतात. असे सहा-सात, कधी दहा वेळा. दिवसामागून दिवस जातात. जो गंज लोखंडाला खाऊन टाकणारा, त्यालाच संस्कार देऊन लोखंडाचा पहारेकरी करणे, ही केवढी युक्ती! कीर्तनात आम्ही विकारांच्या उदात्तीकरणावर तासभर बोलतो. हा कारागीर तेच मुकाट्याने करून दाखवितो.

अमेरिकेत या कामाची दरपत्रके उघड छापलेली असतात आणि ती वाचण्याजोगी आहेत. साध्या गरम ब्ल्यूइंगला दोन-तीनशे डॉलरपासून पुढे आणि गंजाच्या पद्धतीला अनेकदा त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय खड्डे काढणे वेगळे, आरशासारखी चकाकी वेगळी, दस्त्याचे लाकूड घासून त्याला जवसाचे तेल पाजणे वेगळे. म्हणजे तेथेही किंमत द्रावणाची नसून तासांची आहे. रसायन स्वस्त असते, महाग असतो तो संयम.

घासाघीस करून मजुरी निम्म्यावर आणली की काय होते, तेही सांगितले पाहिजे. कारागीर हाताचे काम सोडून फिरत्या चाकावर नळी धरतो. कडा गोल होतात, स्क्रूची भोके बशीसारखी पसरतात आणि कोरलेली अक्षरे पुसट होतात. यात केवळ शोभा जात नाही. बंदुकीवरचा क्रमांक व निर्मात्याची खूण पुसणे वा बदलणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध आहे. दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही त्याच कायद्याने परवाना लागतो. तेव्हा स्वस्ताच्या मोहाने बंदूक भलत्याच्या हाती देणारा यजमान कायद्याच्याही कचाट्यात सापडू शकतो.

आणि प्रत्येक बंदूक उजळावीच असेही नाही. आजोबांच्या वेळची विलायती दुनळी असेल तर विशेष सावध राहावे. तिच्या दोन नळ्या पुष्कळदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिकचे द्रावण तो डाख खाऊन टाकते. तिला गंजाचीच पद्धत हवी. शिवाय जुन्या नामांकित शस्त्राची मूळ झाक विरळ झालेली असली, तरी जाणकार तिलाच अधिक मोल देतात. नवी चकाकी चढविली की किंमत वाढण्याऐवजी उतरते. "याला हात लावू नका, तेल पुरेसे आहे," असे सांगून आपली मजुरी सोडणारा कारागीर भेटला, तर त्याला या सल्ल्याचीच दक्षिणा द्यावी.

तेलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ब्ल्यूइंगचा थर एकटा गंज अडवू शकत नाही. तो तेल धरून ठेवतो आणि दोघे मिळून रक्षण करतात. संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच. शस्त्राला वर्षभर स्नेह हवा, नवमीच्या एका दिवसाचा नव्हे. पूजेच्या वेळी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. ओले कुंकू, पंचामृत, पाणी नळीवर वाहू नये. गंधाक्षता पाटावर वाहाव्यात. घामेजलेल्या बोटांचे ठसेही पोलादाला डाग पाडतात. म्हणून पूजा आटोपताच कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी शमीवर शस्त्रे ठेविली, ती धनुष्यांच्या दोऱ्या उतरवून. ज्यांना वर्षभर शस्त्राला हात लावायचा नव्हता, त्यांनीही त्याची एवढी काळजी वाहिली.

आयुधपूजेत आपण पोलादाला हात जोडतो. त्या पोलादामागे ज्याचे हात आहेत, त्याच्याशी पैशापैशासाठी हुज्जत घालणे पूजेच्या भावाशी विसंगत आहे. किती तास लागतील, कोणती पद्धत वापराल, अक्षरे शाबूत राहतील ना, हे प्रश्न अवश्य विचारावेत. तो यजमानाचा अधिकारच आहे. पण उत्तर पटले की मोल मोकळ्या मनाने द्यावे, आणि नवमीच्या आदल्या दिवशी जाऊन "उद्या हवी" असा हट्ट धरू नये. चांगले काम श्रावणातच नेऊन द्यावे. उतावळ्या गिऱ्हाइकांमुळे चांगला हात थकतो, आणि एकदा तो हात गेला की पुढच्या पिढीस शस्त्र असेल, पण ते उजळणारा मिळणार नाही.