मोटरीच्या पेटीवरचे तीन दिवे

ज्या आकड्याकडे बघून तुम्ही काहीच करणार नाही, तो आकडा तुमच्या स्क्रीनवर असायचं कारण नाही. एवढं एक वाक्य मान्य केलं, तर घरच्या सर्व्हरवर ग्राफाना बसवून त्याचे स्क्रीनशॉट मिरवणाऱ्या आमच्या पिढीला आपले बहुतेक डॅशबोर्ड उद्या सकाळी पुसून टाकावे लागतील. ते पुसावेत, असंच माझं म्हणणं आहे.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा, रॅम वाढवायची आणि त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं. मग त्या एका डब्यात चार-पाच वेगवेगळे कॉम्प्युटर असल्यासारखे चालवता येतात. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. माझ्या कुंडलच्या घरी असा एक डबा आहे. एका व्हर्च्युअल मशीनमध्ये घरचे सगळे फोटो, दुसऱ्यात सातबारा, आठ-अ आणि खरेदीखतांचे स्कॅन, तिसऱ्यात माझं शिकण्याचं सामान. मी पुण्यात, डबा गावात. त्यामुळे तो कसा आहे हे इथून कळायला हवं. त्यासाठीची साधनं फुकट आणि मुक्त आहेत. नोड एक्स्पोर्टर मशीनचे आकडे उघडे करून ठेवतो, प्रोमिथियस ठरावीक सेकंदांनी येऊन ते वहीत उतरवून घेतो आणि ग्राफाना त्या वहीवरून आलेख काढतो.

इथपर्यंत सगळं उत्तम. बिघडतं ते पुढच्या पाच मिनिटांत. ग्राफानाच्या संग्रहात १८६० क्रमांकाचा एक तयार डॅशबोर्ड आहे. तो क्रमांक टाकला की स्क्रीनवर विमानाच्या कॉकपिटसारखी गर्दी उसळते. गोल मीटर, हिरव्या-नारिंगी रेषा, खाली स्क्रोल करत जावं तेवढे आलेख. बनवणाऱ्याचं काम चोख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते तो आयात करून ‘मॉनिटरिंग झालं’ म्हणणाऱ्यांशी.

पेटी बघा

आमचं गाव पलूस तालुक्यात. शेजारी किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर ती वसवली, तेव्हा तिथल्या स्टेशनचं नाव ‘कुंडल रोड’ होतं. पंपाचा कारखाना उशाला आणि चहूकडे ऊस, त्यामुळे इथल्या पोराला मोटरीची पेटी लहानपणापासून माहीत असते.

त्या पेटीवर तीन दिवे असतात. लाल, पिवळा, निळा. प्रत्येक फेजचा एक. तिन्ही लागले असतील तर बटण दाबायचं. एक जरी विझलेला असेल तर दाबायचं नाही, कारण दोन फेजवर मोटर चालली की वाइंडिंग जळतं. शेजारी व्होल्टमीटर असतो. काटा खाली असेल तर थांबायचं. त्याच्या खाली ॲमीटर. मोटर चालू असताना त्याचा काटा रोजच्या जागेवरून घसरला, तर विहिरीतलं पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलेलं आहे. पळत जाऊन मोटर बंद करायची. आता तर मोबाइल स्टार्टर आले. फेज आली की नाही ते फोनवर कळतं, फोनवरूनच मोटर चालू होते. रात्री-अपरात्री थ्री फेजची वाट बघत बांधावर बसणाऱ्या माणसानं हे यंत्र उगाच विकत घेतलेलं नाही.

म्हणजे तीन दिवे आणि दोन काटे. प्रत्येकाला एक अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला एक कृती जोडलेली. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हा डॅशबोर्ड वाचता येतो. आणि इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या आम्हाला आमच्याच सर्व्हरच्या शंभर आलेखांपैकी कुठल्या आलेखावर काय करायचं, ते सांगता येत नाही.

उदाहरण घ्या. मेमरीचा गोल मीटर लाल होतो, ८५-९० टक्के. नवखा माणूस घाबरून रॅम विकत घ्यायला निघतो. पण डिस्क झेडएफएसवर असतील, तर झेडएफएस मोकळ्या मेमरीचा मोठा वाटा स्वतःच्या कॅशसाठी वापरतं आणि लिनक्सच्या हिशेबात तो ‘वापरलेली मेमरी’ म्हणून दिसतो. गरज पडली की झेडएफएस ती मेमरी बऱ्यापैकी सोडूनही देतं. मीटर लाल, प्रकृती ठणठणीत. उलट प्रकारही आहे. कंटेनरच्या आत बसवलेला एक्स्पोर्टर जो लोड ॲव्हरेज दाखवतो, तो बहुधा त्या कंटेनरचा नसून आख्ख्या सर्व्हरचा असतो. तुम्ही एकाची नाडी धरून दुसऱ्याला औषध देत बसता. आयात केलेला डॅशबोर्ड हे सांगत नाही. ज्यानं तो काढला त्याला तुमचं मशीन माहीत नव्हतं.

आपल्याकडे काय बिघडतं?

घरच्या सर्व्हरचे बहुतेक व्हिडिओ अशा देशांत बनतात, जिथे वीज जाणं ही बातमी असते. म्हणून त्यांच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर सीपीयू असतो. घरच्या डब्याचा सीपीयू दिवसभर झोपलेला असतो. त्याचा आलेख बघणं म्हणजे उन्हाळ्यात रोज पर्जन्यमापक तपासणं. कुंडलमध्ये सगळ्यात वर वीज हवी.

पहिला दिवा यूपीएसचा. ज्याला यूएसबी पोर्ट आहे असा यूपीएस घ्या, स्वस्तातल्या पुष्कळांना तो नसतो. मग नट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतं, येणारं व्होल्टेज आणि बॅटरीची स्थिती सांगतं आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद करतं. पण ‘बॅटरी १०० टक्के’ या आकड्यावर विसंबू नका. जुनी बॅटरी भरलेली दिसते आणि वीज गेली की दोन मिनिटांत मान टाकते. वीज गेल्यावर यूपीएसनं प्रत्यक्षात किती मिनिटं काढली, हा आकडा नोंदवा. तो निम्म्यावर आला की बॅटरी बदला. याला म्हणतात आकड्याला कृती जोडणं. पंधरा सेकंदांनी एकदा येणाऱ्या प्रोमिथियसला अर्ध्या सेकंदाचा झटका दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. पण मशीन शेवटचं कधी सुरू झालं ती वेळ नोड एक्स्पोर्टर देतो. ती तुमच्या नकळत बदलली, तर झटका बसून गेलेला आहे.

दुसरा दिवा डिस्कचा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या डझनावारी ओळींपैकी दोन पुरेत: बदललेले सेक्टर आणि बदलाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. शून्यावरून हे आकडे वाढायला लागले की नवी डिस्क मागवा. सोबत जागेकडेही लक्ष हवं. ‘डिस्क ८० टक्के भरली’ याला फारसा अर्थ नाही; ती वर्षभर ८० टक्क्यांवरच असू शकते. प्रोमिथियसमध्ये सध्याचा वेग धरून पुढचा अंदाज बांधणारं फंक्शन आहे. ‘या गतीनं चार दिवसांत भरेल’ हे वाक्य कामाचं.

तिसरा दिवा बॅकअपच्या वयाचा. बॅकअप आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा. शेवटचा यशस्वी बॅकअप किती तासांपूर्वीचा, हे विचारा. ३६ तासांच्या वर गेला की फोन वाजला पाहिजे. आजीच्या तरुणपणीच्या एकमेव फोटोचा स्कॅन ज्या डिस्कवर आहे, तिच्याबाबत एवढी तरी लाज बाळगायला हवी.

काट्यांत मी तापमान ठेवेन. आणि इथे आणखी एक आयती गोष्ट आड येते. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचेच आकडे जपतो. मेमधला डबा डिसेंबरपेक्षा किती तापतो हे त्यातून कधीच कळणार नाही. ती मर्यादा वर्षावर न्या. जागेची भीती वाटत असेल तर हिशेब करा. हजार मोजमापं, दर १५ सेकंदांनी, म्हणजे दिवसाला ५७ लाख ६० हजार नोंदी. एका नोंदीला फार तर दोन बाइट धरले तरी वर्षाला सव्वाचार जीबी. एका लग्नाच्या व्हिडिओएवढे.

काटा कुणाच्या हातात?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो सुंदर डॅशबोर्डवाले हमखास टाळतात. त्यांचा प्रोमिथियस आणि ग्राफाना त्याच डब्यात, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत असतात. डबा मेला की पाहणाराही मेला. फोन वाजवायला कुणी उरतच नाही, आणि तुम्ही ‘मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक’ म्हणून झोपता.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. माल ज्याच्या दारात जातो त्याच्याच काट्यावर वजन, हा इथला जुना वाद. ऊस बाहेरच्या काट्यावर तोलून आणायची मुभा हवी, हा आग्रह शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं धरला. कारखानदार चोर आहे की साव, हा भाग वेगळा. वजन ज्याचं तपासायचं त्याच्या हातात काटा नको, एवढंच तत्त्व आहे.

सर्व्हरसाठी बाहेरचा काटा तुमच्या कपाटात पडलाय. जुना अँड्रॉइड फोन. त्याला स्वतःची बॅटरी आहे आणि सिम घातलं तर स्वतःचं इंटरनेटही. म्हणजे घरची वीज गेली आणि फायबर तुटली तरी तो जिवंत. त्यात टर्मक्स टाका, बॅटरी वाचवण्यासाठी ॲप बंद करणारी सेटिंग काढा आणि सर्व्हरला दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे ‘मी आहे’ अशी हजेरी लावायला सांगा. तीन हजेऱ्या चुकल्या की फोननं टेलिग्रामवर बोंब मारायची. ना रंग, ना आलेख. पण डबा मेल्यावर बोलणारा हा एकटाच.

दोन आक्षेप

पहिला: ‘एवढी उठाठेव कशाला? क्लाउडला पैसे दे आणि मोकळा हो.’ ज्याला परवडतं त्यानं द्यावेत. पण फुकट आणि मुक्त यांतला फरक तेवढा ओळखावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती बंद झाली. जगभर त्यावर घरचे सर्व्हर चालवणारे एका घोषणेनं उघड्यावर आले. २०२५ मध्ये मोफत आवृत्ती परत आली, तीही मालकाच्या मर्जीनं. प्रॉक्समॉक्स आणि ग्राफाना एजीपीएल परवान्याखाली आहेत, प्रोमिथियस अपाचे परवान्याखाली. उद्या त्यांच्या कंपन्यांचं मन फिरलं तरी आज हातात असलेला कोड कुणी काढून घेऊ शकत नाही.

मात्र इथे काही जण लगेच ‘डिजिटल स्वातंत्र्य’, ‘डेटाचं स्वराज्य’ असे शब्द काढतात. ते जपून वापरावेत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेत ज्या गावची माणसं जिवावर उदार होऊन उतरली, त्या गावात राहून डेस्कटॉपवर लिनक्स टाकण्याला क्रांती म्हणवत नाही. ही जबाबदारी आहे, विहिरीवरच्या मोटरीएवढी. तेवढी पुरे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक: ‘आम्ही शिकतोय, शिकताना शंभर आलेख काढले तर बिघडलं कुठे?’ काढा की. पण काढा, आयात करू नका. सांगली-इस्लामपूरच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींसाठी घरचा सर्व्हर ही खरी प्रयोगशाळा आहे, आणि म्हणूनच ती वाया जाताना बघवत नाही. एक कोरी खिडकी उघडा, एकच प्रश्न ठरवा, त्याची क्वेरी हातानं लिहा. हा आकडा कुठून आला, तो सरासरी आहे की क्षणाचा, कशानं फसेल, हे स्वतःला विचारा. अशी पाच वाक्यं लिहिणारा नोकरीच्या मुलाखतीत दहा मिनिटं बोलू शकतो. १८६० आयात करणाऱ्याला ‘ही रेषा वर का गेली?’ एवढं विचारलं की संपलं.

तेव्हा येत्या रविवारी एक परीक्षा घ्या. कुणाला न सांगता सर्व्हरची नेटवर्क केबल काढा आणि घड्याळ लावून बसा. पंधरा-वीस मिनिटांत फोन वाजला तर तुमच्याकडे मॉनिटरिंग आहे, डॅशबोर्ड कितीही ओबडधोबड असो. नाही वाजला, तर तुमच्याकडे फक्त चित्रं आहेत. ती पुसा आणि पहिला दिवा लावा.