विळ्याभोपळ्याचे भाऊ

भाऊबंदकी या एका शब्दात मराठी माणसाने आपला बराच इतिहास भरून ठेवला आहे. खाडिलकरांनी १९०९ साली त्याच नावाचे नाटक लिहिले, ते नारायणराव पेशव्यांच्या वधावर. भावाभावांचे भांडण म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो, नाही तर कोर्टात वर्षानुवर्षे कुजत पडलेला वाटणीचा दावा. त्याचे हसू येत नाही.

मुलांच्या दूरचित्रवाणीने मात्र याच विषयाचा विनोद केला. अमेरिकेतील निकलोडियन वाहिनीवर १९९७ साली 'द अँग्री बीव्हर्स' ही चलचित्र मालिका सुरू झाली. नॉर्बर्ट आणि डॅगेट हे दोन बीव्हर भाऊ, एकाच्या स्वभावाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पुढच्याच वर्षी त्याच वाहिनीने 'कॅटडॉग' आणली. तिच्यात एकाच धडाला एका बाजूस मांजर आणि दुसऱ्या बाजूस कुत्रा. मांजराला शांतता हवी, कुत्र्याला कचऱ्याच्या गाडीमागे धावायचे. आणि एकाने धाव घेतली की दुसरा फरफटत जातो. कल्पना विक्षिप्त खरी, पण ज्याला सख्खा भाऊ आहे त्याला ती लगेच पटेल.

या पंगतीत आपल्याकडचे पान २०१७ साली वाढले गेले. सोनी 'ये' ही बालवाहिनी त्या वर्षी सुरू झाली आणि तिच्यासाठी मुंबईच्याच कॉसमॉस माया या संस्थेने 'हनी बनी का झोलमाल' तयार केली. 'मोटू पतलू' घराघरांत नेणारी हीच संस्था. हनी आणि बनी हे जुळे बोके. सोबत पोपट, झोरदार नावाचा कुत्रा आणि घराची मालकीण मिस काटकर. घोळ घालायचा आणि मग तो निस्तरायचा, एवढेच कथानक. उच्च कला म्हणून कोणी त्याकडे पाहू नये. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बीव्हर बंधूंची कथा सुरू होते तीच घर सुटण्यापासून. आईला नवी पिल्ले झाली म्हणून थोरल्या दोघांनी बाहेर पडायचे. निसर्गातही बीव्हरची पिल्ले दोनेक वर्षांची झाली की आईबापांचे घर सोडतात. लेखकांनी ते तसेच उचलले. आपले बोके मात्र एका छपराखाली पोपट आणि कुत्र्यासह नांदतात, भांडतात आणि बाईंच्या धाकात राहतात. ठरवून केले असेल वा नसेल, पण हा वाडाच आहे. मधल्या चौकाचा, एका न्हाणीघरावरून रोज कुरबुर होणारा.

आणि हा वाडा आज पाहतो कोण? दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढणारे एकुलते एक मूल. त्याच्या वाट्याला भाऊ नाही, बहीण नाही, शेंगदाण्याच्या लाडवासाठी ज्याच्याशी झोंबावे असे कोणी नाही. भांडून तासाभरात विसरण्याचे शिक्षण त्याला पडद्यावरचे बोके देतात. मुलांनी अशी 'फालतू' चित्रे का पाहावीत, असे विचारणाऱ्या पालकांनी आधी याचे उत्तर द्यावे.

माझी तक्रार वेगळी आहे. मालकीणबाईंचे आडनाव काटकर, मालिका घडली मुंबईत, आणि बोके जन्मले हिंदीत! मराठी आवाज त्यांच्यावर नंतर चढवला गेला. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडून मनोरीला गेलात तर तिथली पोरे एकमेकांची थट्टा करतात ती कार्टूनच्या हिंदीत. घरात कोळ्यांची मराठी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची तितकीच जुनी मराठी बोली. आणि हसण्यासाठी मात्र दुसरी भाषा. वास्तविक मनोरीत मांजरे बघायला दूरदर्शन संच कशाला हवा? बोंबील वाळत घातले आहेत तिथे सकाळी जाऊन उभे राहा. एक राखणदाराच्या पायाशी लाडीगोडी लावतो आणि दुसरा तेवढ्यात मागून काम उरकतो. तयार संहिताच ती, फक्त लिहून घ्यायची.

यात कोणाचा द्वेष नाही. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' हा लघुपट केला. जाळ्यासकट उडणारे पक्षी आणि जाळे कुरतडणारे उंदीर त्यात आहेत, आणि ती गोष्ट सांगणारी एक ताई आहे. मराठी बाईने हिंदीत केलेले हे काम साऱ्या देशाने आपले मानले, याचा आनंदच आहे. प्रश्न इतकाच की आगकाड्या नाचवून १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या प्रांतात मराठीत जन्मलेली अशी मालिका बोटावर मोजण्याइतकी तरी आहे का?

बंदी मागणे सोपे असते. २००८ मध्ये जपानी 'शिनचॅन'वर आली होती. काही काळाने काटछाट होऊन तो परतलाच. २०२१ मध्ये ईटीव्ही बाल भारत मराठीसह अनेक भाषांत सुरू झाले, हे स्वागतार्ह. पण भाषांतरित थट्टा ही शेवटी गरम केलेली भाकरी. मराठीला लहेजा लागतो, 'काय रे दादा' म्हणण्यातला रुसवा लागतो. चित्रकार आहेत, संगणक आहेत, आवाज देणारे नट तर गल्लोगल्ली आहेत. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देते. त्यातला थोडा वाटा बारा-तेरा भागांच्या एका मालिकेसाठी काढायला काय हरकत आहे? लेखक शोधायला फार लांब जावे लागणार नाही. मार्वेहून बोट सुटतेच आहे.