प्रमाणपत्राचे मोल

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा त्यांत एक प्रश्न वारंवार दिसला. सहा महिन्यांत अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आणि हमखास नोकरी, अशा जाहिराती पाहून मुले हट्ट धरतात. घरी पाटल्या मोडण्याची भाषा सुरू होते. पैसे भरावेत की नाही?

या विद्येची गरज आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. सुरतेत २४ मे २०१९ रोजी शिकवणीवर्गाच्या इमारतीस आग लागून २२ विद्यार्थी दगावले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या क्रीडागृहात पुन्हा तसाच अनर्थ घडला. पंप, पाण्याच्या नळवाहिन्या, धोक्याची घंटा ही साधने केवळ बसवून भागत नाही. ती ऐन वेळी चालावीत म्हणून जाणती माणसे लागतात. कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापासून दहेजच्या रासायनिक उद्योगांपर्यंत अशा माणसांना काम आहे. तथापि कामाची गरज असणे निराळे आणि आपल्या हातातील कागदास किंमत असणे निराळे.

कागदाची किंमत तो देणारा ठरवीत नाही, मागणारा ठरवितो. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले असून ते केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तेथील उपअधिकारी अभ्यासक्रमाचा उल्लेख नोकरीच्या जाहिरातींत नावानिशी आढळतो. मात्र तेथे प्रवेशासाठी परीक्षा आहे आणि उंची, छाती व दृष्टी यांच्या अटीही आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या केंद्रीय योजनेतही या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो आपल्या जवळच्या सरकारी संस्थेत चालतो काय, याची चौकशी प्रथम करावी. कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याचे पद याहून वेगळे आहे. त्याची पात्रता कायद्याने ठरते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने ते मिळत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, शुल्क साठ हजार रुपये आहे. परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च महिना सहा हजार, म्हणजे सहा महिन्यांचे छत्तीस हजार. याच काळात मुलगा दुसरीकडे महिना दहा हजार मिळवू शकला असता, ते साठ हजारही खर्चातच धरावयास हवेत. एकूण एक लाख छप्पन्न हजार झाले. प्रमाणपत्रामुळे पगार महिना तीन हजारांनी वाढला, तर ही रक्कम वसूल होण्यास बावन्न महिने लागतील. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे. आणि ज्या रखवालीच्या कामास त्या कागदाची आवश्यकताच नव्हती तेच पदरी पडले, तर वसुली कधीच होणार नाही. घरोघरी केवळ शुल्काचा आकडा पाहिला जातो; बुडालेल्या मिळकतीचा आकडा कोणी मांडीत नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मराठी उत्तम येते, तेव्हा पुण्या-मुंबईच्या महापालिकेत सहज निभावेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु तिकडील भरतीत अनेकदा अधिवासाचा दाखला मागतात. तेथे केवळ मातृभाषा कामी येत नाही. म्हणून आपण जेथे राहतो त्या राज्यातील भरतीचे नियम आधी वाचावेत. काही ठिकाणी पोहता येणे किंवा जड वाहनाचा परवाना असणेही आवश्यक असते. यांपैकी पोहणे थोड्या खर्चात आजपासूनच शिकता येते.

पैसे भरण्यापूर्वी आम्ही एक क्रम सुचवितो. ज्या नोकऱ्या मुलास हव्या आहेत, त्यांच्या गेल्या वर्षभरातील दहा जाहिराती जमवाव्यात. त्यांत कोणत्या संस्थेचे कोणते प्रमाणपत्र मागितले आहे, ते लिहून काढावे. मगच संस्थेच्या दारी जाऊन मान्यतेचे पत्र पाहावे, शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात आणि मागील तुकडीतील दोघां-तिघांना प्रत्यक्ष भेटून ते कोठे, किती पगारावर काम करतात ते विचारावे. नोकरीची हमी तोंडी देणारा ती कागदावर देण्यास कचरत असेल, तर त्यातच उत्तर आले.

ही नोकरी बैठी नव्हे. रात्रपाळी, सणावारीही हजेरी आणि प्रसंगी जिवाची जोखीम तीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले; त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. हे सारे जाणूनही मुलाची किंवा मुलीची ओढ कायम असेल, तर आईवडिलांनी आडकाठी करू नये. योग्य संस्थेत प्रवेश मिळण्यास एखादे वर्ष थांबावे लागले तरी चालेल; घाईने घेतलेल्या कागदापायी घरातले सोने मात्र गहाण टाकू नये.