पातळ तेलाचा हिशेब

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या सुमारे ६ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २०२१ ते २०२४ या वर्षांच्या या मोठ्या पिकअप व एसयूव्ही गाड्या होत्या. क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड यांतील निर्मितिदोषामुळे चालती इंजिने निकामी होत होती. सदोष इंजिन दुरुस्त करणे वा बदलणे ओघानेच आले. परंतु जी इंजिने तपासणीत निर्दोष ठरतील, त्यांतीलही ०डब्ल्यू-२० तेल काढून ०डब्ल्यू-४० भरावयाचे ठरले. या उपायातच विषयाचे मर्म आहे.

इंजिनातील हे बेअरिंग गोळ्यांचे नसते. मऊ धातूचा लेप दिलेल्या दोन अर्धगोल पट्ट्यांत क्रँकशाफ्ट फिरतो, आणि तो पट्टीला टेकू नये ही जबाबदारी मधल्या तेलाच्या थराची. भार पडतो तेव्हा हा थर केसाहूनही कितीतरी पातळ होतो. तेलाचा दाटपणा, म्हणजेच विष्यंदिता, तेथे उपयोगी पडते. डब्यावरील ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘विंटर’चे, अर्थात त्याआधीचे शून्य थंडीतील प्रवाहीपणा सांगते, नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा. १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या कसोटीत ०डब्ल्यू-२० ची विष्यंदिता किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, ०डब्ल्यू-४० ची ३.५. फरक सुमारे एकतृतीयांशाचा.

मग पातळ तेल आले कोठून? इंधनबचतीच्या कायद्यांतून. पातळ तेलाने घर्षण किंचित घटते. गाडीच्या मालकाला वर्षाकाठी थोडे पेट्रोल वाचते. कंपनीला मात्र लाखो गाड्यांची सरासरी दाखवावयाची असल्याने ते किंचितही मोलाचे. घडण अचूक असेल तर पातळ तेल इंजिन उत्तम सांभाळते. घडणीत उणीव राहिली, तर ती झाकण्याइतकी शिल्लक त्याच्या थरात उरत नाही.

तथापि सारे खापर तेलावर फोडणे न्याय्य नाही. टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा व लेक्सस एलएक्स या सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या इंजिनात राहून गेलेल्या धातूच्या किसामुळे. असा कीस बेअरिंगमध्ये शिरल्यावर दाट तेलही फारसे काही करू शकत नाही.

आपल्याकडील अनेक नव्या पेट्रोल गाड्यांनाही असेच पातळ तेल सांगितलेले असते. ‘आपली उष्ण हवा, थोडे दाटच घाला’ हा गॅरेजमधील सल्ला सरसकट मानू नये. तेलाच्या वाटा व पंप ठरावीक दाटपणासाठी आखलेले असतात, आणि वॉरंटीचाही प्रश्न असतो. पुस्तिकेत एकाहून अधिक प्रती दिल्या असतील, तर अवजड भार वा लांबच्या प्रवासासाठी त्यांतील दाट प्रत निवडणे शहाणपणाचे.

घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा धोका वेगळाच. इंजिन पुरते तापत नाही, पेट्रोल तेलात मिसळते आणि पातळ तेल अधिकच पातळ होते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा तेलाला पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटरची वाट न पाहता ते बदलावे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास गाडी तेथेच थांबवून इंजिन बंद करावे. पुढच्या पंपापर्यंतही नेऊ नये.

जुनी गाडी वा टेम्पो घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. बेअरिंगचा ठोका दाट तेलाखाली काही काळ दबतो, आणि काही विक्रेते याचा लाभ घेतात. म्हणून दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण तापल्यावरच आवाज ऐकावा.