सुशिक्षितांचा ताईत

ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे 20 मिलिमीटर लांबीची एक नळी बसवलेली असते. आत बारीक तार. मर्यादेबाहेर प्रवाह गेला की ती तार वितळते आणि यंत्र वाचतं, प्रसंगी घरही वाचतं. फ्यूजचं काम एवढंच. बाजारात तो काही रुपयांना मिळतो. पण हौशी श्रोत्यांसाठी त्याच मापाचा, ‘आवाज उजळवणारा’ फ्यूज शेकडो डॉलरना विकला जातो आणि घरबसल्या मागवताही येतो. काहींवर बाण असतो: या दिशेनं बसवा, उलटा बसवलात तर गाणं मिटून जाईल.

आपल्या घरातली वीज दर सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे शंभर वेळा दिशा बदलते. तिला कुठला बाण दाखवणार? धरणापासून गल्लीतल्या डीपीपर्यंत ती मैलोगणती साध्या तारांतून आलेली असते. पुढे यंत्रातच ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर तिला सपाट करतात. मधल्या दोन सेंटिमीटरनी मालकंस खुलतो, हे बारावी विज्ञान झालेल्या माणसानं मान्य करावं?

तरी तो मान्य करतो. शिवाय ‘फरक पडला’ असं शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पैसे मोजल्यावर माणूस कान देऊन ऐकतो. तंबोऱ्याची जी आस कालही होती ती त्याला आज सापडते. ऐकण्याचं श्रेय मात्र फ्यूजला जातं.

आजारी लेकराच्या दंडाला ताईत बांधणाऱ्या बाईला आपण अडाणी म्हणतो. तिला शाळा मिळाली नव्हती, दवाखाना लांब होता, हातात पैसा नव्हता. या गृहस्थांना काय कमी होतं? 2013 साली अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. 2015 च्या फेब्रुवारीत विवेकवादी गोविंद पानसरेंवर आमच्याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या स्मृतिदिनाला हजेरी लावायची आणि घरी येऊन बाणाचा फ्यूज बसवायचा, हे मला सहन होत नाही.

घेणाऱ्यापेक्षा माझा आरोप जाणत्यांवर जास्त आहे. इंजिनिअरला सत्य ठाऊक असतं, पण मित्राचं मन मोडू नये म्हणून तो गप्प बसतो. परीक्षण लिहिणारा ‘स्वरांना श्वास मिळाला’ असं लिहितो आणि मोजमाप एकही देत नाही. विक्रेता म्हणतो, ज्याचे कान तयार आहेत त्यालाच कळेल. हे शेवटचं वाक्य सर्वांत दुष्ट आहे. शंका घेणाऱ्याला ते बहिरा ठरवतं. गावोगावचे बुवा हेच करत आले: गुण आला नाही तर श्रद्धा कमी पडली.

आणि हे कुठल्या गावात? शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना जिथे आश्रय दिला, एकोणिसाव्या शतकापासून देवल क्लबनं जिथे श्रोते घडवले, त्या गावात. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती जुन्या तबकडीवरची, अवघ्या साडेतीन मिनिटांची. तिच्यातला स्वर आजही साध्या यंत्रावर अंगावर येतो. आवाज खरंच सुधारायचा असेल तर स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, उघड्या फरशीवर सतरंजी घाला, जाड पडदे लावा. हा फरक मोजताही येतो. त्या फ्यूजच्या पैशात एखाद्या तरुण गायिकेची घरगुती बैठक होते, तबलजी आणि पेटीवाल्याच्या बिदागीसकट.

फसव्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे, पण तक्रार करायला कुणी पुढे यायला हवं. त्याआधी एक उघड चाचणी व्हावी. शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, इलेक्ट्रॉनिक्सचाही आहे. दोघांनी मिळून ती घ्यावी. यंत्र पडद्याआड, आवाजाची पातळी सारखी, फ्यूज कोणता हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि दहा फेऱ्या. त्यांत किमान नऊ वेळा फ्यूज बरोबर ओळखला की परीक्षा पार. नुसत्या अंदाजानं नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता 1024 मध्ये 11 आहे. विक्रेत्यांनी आपले सर्वांत तयार कान घेऊन यावं. एकानं जरी दोनदा लागोपाठ ही परीक्षा पार केली, तर हा लेख मी जाहीरपणे मागे घेईन.