खजिना नव्हे, नौका

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील सटन हू येथील नौकासमाधीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक एकाच मळलेल्या वाटेने जातात. मुखवट्याचे शिरस्त्राण, चारशे ग्रॅमांहून अधिक वजनाचे सोन्याचे बक्कल, ३७ सुवर्णनाणी अशी यादी द्यायची, तिला ‘खजिना’ ही पदवी बहाल करायची आणि लेखणी खाली ठेवायची. ही दृष्टी केवळ अपुरी नव्हे, तर घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुप्तधनाच्या हंड्यापलीकडे ज्यांना काही दिसले नाही, त्यांनीच गाडलेल्या भूतकाळाचा सर्वाधिक नाश केला आहे.

पुरावा त्याच जागेचा घ्या. १८६० साली तेथील एक टेकाड उकरले गेले. सोने मिळाले नाही. मिळाले ते लोखंडी खिळे, सुमारे दोन बुशेल. ते लोहाराकडे पाठवून त्यांचे घोड्यांचे नाल करण्यात आले, असे तत्कालीन वृत्तपत्राने नोंदविले आहे. ते खिळे म्हणजे एका नौकेची अखेरची खूण होती. खजिना शोधणाऱ्यांच्या लेखी ते भंगार ठरले!

१९३९ च्या मे महिन्यात अशाच खिळ्यांनी बॅसिल ब्राउन यांचा हात थांबविला. जमीनमालकीण श्रीमती एडिथ प्रेटी यांनी नेमलेला, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा स्वयंशिक्षित उत्खनक. जवळच्या स्नेप येथे १८६२ मध्ये सापडलेल्या नौकेचे खिळे त्यांना परिचित होते. आम्लधर्मी वाळूने लाकूड कधीच खाऊन टाकले होते. राजाचा म्हणावा असा देहही उरला नव्हता. राहिला होता तो वाळूतला ठसा आणि रांगेने जागच्या जागी असलेले खिळे. एकही खिळा न हलवता ब्राउन यांनी सुमारे ९० फूट लांबीची, अस्तित्वातच नसलेली नौका उघडी केली. सोने हाती लागले ते त्यानंतर, जुलैत, केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स यांनी सूत्रे हाती घेतल्यावर.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की सोन्याविना काळ कसा ठरला असता? दूरदेशांशी असलेले संबंध कसे कळले असते? आक्षेप रास्त आहे. फ्रँकिश राज्यांतील वेगवेगळ्या टांकसाळींच्या त्या नाण्यांनीच समाधी सातव्या शतकाच्या प्रारंभीची ठरविली. चांदीचे मोठे ताट बायझंटाईन सम्राट अनास्तासियसच्या काळचे आहे, आणि त्या युगातील युरोपीय अलंकारांत जडविलेली गार्नेट रत्ने भारत व श्रीलंकेतूनही जात असत. पण हीच नाणी आणि हेच ताट एखाद्या लिलावात आले असते, तर त्यांनी काय सांगितले असते? ती एका नौकेत, एका मृताभोवती, विधिपूर्वक मांडलेली होती, हे ज्ञान सोन्याने दिलेले नाही. ते ठशाने दिले. ज्या शिरस्त्राणाचे छायाचित्र सर्वत्र मिरविले जाते, तेही गंजलेल्या लोखंडाच्या शेकडो तुकड्यांच्या रूपात सापडले. पहिली जुळणी सदोष ठरल्यावर १९७०-७१ मध्ये ते नव्याने जुळविले गेले. खजिना हुडकणाऱ्याने ते तुकडे कोठे टाकले असते, हे का सांगावयास हवे?

तरीही मान मिळाला तो सोन्यालाच. १९३९ च्या ऑगस्टमध्ये चौकशी झाली. या वस्तू पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने लपविल्या होत्या काय, एवढाच कायद्याचा प्रश्न होता. उत्तर नकारार्थी आले, मालकी श्रीमती प्रेटींची ठरली आणि त्यांनी सर्व काही ब्रिटिश म्युझियमला उदारपणे देऊन टाकले. युद्धकाळात दागिने लंडनच्या भुयारी रेल्वेत सुरक्षित राहिले. नौकेच्या ठशावर मात्र पालापाचोळा पसरण्यात आला आणि त्या भूमीवर लष्करी वाहनांचा सराव चालला. १९६५ नंतर तज्ज्ञ परतले तेव्हा ठशाची हानी झालेली होती. तो पूर्वी कसा होता हे आपल्याला कळते, ते बरेचसे मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी १९३९ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांमुळे. सोन्याला भुयार आणि नौकेला पाचोळा, ही वाटणीच ‘खजिना’ या शब्दाची खरी व्याख्या आहे.

कायदा पुढे सुधारला. १९९६ च्या अधिनियमाने लपविण्याच्या हेतूची अट काढली. २०२३ पासून तर २०० वर्षांहून जुनी, अंशतः तरी धातूची आणि असाधारण महत्त्वाची वस्तू सोन्याचांदीविनाही खजिना ठरू शकते. शहाणपण आले, पण धातूपर्यंतच येऊन थांबले. वाळूतला ठसा आजही त्या व्याख्येत बसत नाही. तो जपतो तो केवळ उत्खनकाचा संयम.

म्हणून आमचा आग्रह आहे, की या स्थळाची कथा सांगताना आरंभ बक्कलापासून नव्हे, गंजलेल्या खिळ्यापासून व्हावा. सोन्याचे मोल सोनारही सांगेल. खिळा जागच्या जागी का राहू द्यावा, हे ज्याला कळले, तोच इतिहासाचा वारस.