दोन बसच्या मधली फट

सकाळी साडेनऊच्या सुमाराला हडपसरजवळ सोलापूर रस्त्यावर सिग्नल लाल झाला, की एक ठरलेले दृश्य दिसते. मोटारी आणि बस थांबतात आणि मागून दुचाक्या त्यांच्या फटींतून पुढे झिरपू लागतात. कोणी पाय टेकवत, कोणी आरसा आत दुमडून. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. उलट मोटारीच्या मागे रांगेत उभा राहिलेला दुचाकीस्वार दिसला, तर त्याच्या मागचे लोक हॉर्न वाजवून त्याला वेड्यात काढतात.

‘हे सगळे बंद करा, दंड ठोका’ असे म्हणणे सोपे आहे. पण अशी सरसकट बंदी अमलात येणार नाही आणि दुखापतींचा अभ्यासही तिला पूर्ण पाठिंबा देत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मोटारींच्या दोन रांगांमधून मोटारसायकल नेणे पूर्वीपासून रूढ होते. बर्कले येथील विद्यापीठातील संशोधकांनी अपघातात सापडलेल्या सुमारे सहा हजार मोटारसायकलस्वारांची माहिती तपासली. त्यांतले ९९७ जण अपघाताच्या वेळी रांगांमधून जात होते. त्यांच्यात डोक्याला इजा झालेले ९ टक्के निघाले, तर इतरांत १७ टक्के. मृत्यूचे प्रमाण १.२ टक्के, इतरांत ३ टक्के. भोवतालची वाहतूक ताशी ५० मैल किंवा त्याहून कमी वेगाने चालली असेल आणि मोटारसायकलचा वेग तिच्यापेक्षा १५ मैलांहून अधिक नसेल, तर इजेचा धोका फारसा वाढत नाही, असेही दिसले. हा अहवाल २०१५ मध्ये आला. पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने ही पद्धत कायदेशीर ठरवली.

हे आकडे वाचून खूश होण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. हा अभ्यास फक्त अपघात झालेल्यांचा आहे. फटीतून गेल्यामुळे मुळात अपघात होण्याची शक्यता वाढते की घटते, हे त्यातून कळत नाही. दुसरे म्हणजे, हे स्वार इतरांच्या तुलनेत सावकाश जात होते, चांगले हेल्मेट घालणारे होते आणि त्यांच्यात दारू पिऊन चालवणारे कमी होते. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे जवळजवळ ४५ टक्के, आणि हेल्मेट न घातलेले सुमारे ५० हजार. कॅलिफोर्नियाचा निष्कर्ष उचलायचा तर तिथले हेल्मेटही सोबत आणावे लागेल.

पण त्या अभ्यासातला मुख्य धागा इथेही लागू पडतो, तो म्हणजे वेगातील फरक. थांबलेल्या मोटारींमधून ताशी १० किलोमीटरने जाणारी दुचाकी, समोर अचानक दार उघडले तर ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत, म्हणजे साधारण दीड सेकंदात, चार मीटर पुढे जाते. ते झाले एका मोटारीच्या लांबीइतके. तीच गाडी ताशी ३० ने जात असेल, तर साडेबारा मीटर. तोवर तीन मोटारी मागे पडलेल्या असतात आणि दार केव्हाच छातीवर आलेले असते. सिग्नलवर रांगत पुढे जाणारा आणि चालत्या वाहतुकीत कट मारत सुटणारा यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चुकीचे आहे.

फट कोणाच्या मधली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. साडेतीन मीटर रुंदीच्या दोन लेनमध्ये शेजारी शेजारी दोन मोटारी उभ्या असतील, तर मध्ये सुमारे पावणेदोन मीटर जागा उरते. तिथे दोन बस असतील, तर बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकत असल्याने उरतात जेमतेम नव्वद सेंटिमीटर. तेही दोघी लेनच्या अगदी मधोमध असतील तर! स्कूटरचे हँडलच साधारण पाऊण मीटर असते. दोन्ही बाजूंना मिळून वीतभरही मोकळीक नाही. मागे कोणी एका बाजूला पाय सोडून बसले असेल, तर त्यांच्या गुडघ्यांना जागा कुठून आणायची? आरसा दुमडल्याने हँडल लहान होत नाही. मागचे दिसायचे तेवढे बंद होते.

बस किंवा डंपरचा चालक उजव्या बाजूला, उंचावर बसतो. डाव्या अंगाला, दाराखाली असलेली दुचाकी त्याला दिसत नाही. तो डावीकडे वळला, की मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने जातात. फटीत शिरलेल्याला वाटते पुढचा भाग निघून गेला, आपण सुटलो. नेमके तेव्हाच मागचे चाक त्याच्याकडे सरकत असते. हँडल नुसते घासले, तरी गाडी कुठल्या बाजूला पडेल हे चालकाच्या हाती राहत नाही. अशा अपघातात हेल्मेट शाबूत असते आणि कंबर चिरडलेली. कटीच्या हाडांचा भाग मोडला, की आतल्या आत दोन-तीन लिटर रक्त साठू शकते. मोठ्या माणसाच्या शरीरात असते पाच लिटरच्या आसपास. बाहेर थेंबही दिसत नाही, माणूस सुरुवातीला बोलतही असतो आणि जमलेले लोक ‘फार लागलेले नाही’ म्हणून त्याला उठवून बसवतात किंवा दुसऱ्या दुचाकीवर मध्ये धरून रुग्णालयात नेतात. यात मोलाचे रक्त जाते. त्याला आडवेच ठेवावे, पाणी पाजू नये, १०८ ला फोन करावा. चादर किंवा ओढणी असेल, तर ती पोटावर नव्हे, नितंबांच्या पातळीवर, मांडीच्या हाडांची वरची टोके हाताला लागतात तिथून घट्ट गुंडाळून बांधावी. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही.

कायद्याचे काय? केंद्राच्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार आखलेल्या लेनमध्येच चालायचे आणि इशारा देऊनच लेन बदलायची. नियमबाह्य ओव्हरटेक करून धोका निर्माण केला, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागू होऊ शकते. म्हणजे काटेकोर पाहिले, तर हडपसरच्या त्या सिग्नलवरचे बहुतेक जण नियम मोडत असतात, आणि सगळेच मोडतात म्हणून कोणालाच काही होत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये वेगळा मार्ग धरला. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असेल तरच फटीतून जाता येते. शिकाऊ परवान्यावर नाही, शाळेच्या वेळेत शाळेपाशी नाही, फुटपाथच्या कडेने नाही. आपल्याकडेही असे स्पष्ट लिहायला हवे. थांबलेल्या किंवा रांगत्या मोटारींमधून चालण्याच्या दुप्पट वेगापर्यंत परवानगी, बस, ट्रक, डंपर यांच्या शेजारून कधीही नाही, आणि त्यांच्या डाव्या बाजूने घुसणाऱ्याला न चुकता दंड. पोलिसांना एवढेच पाहणे शक्यही आहे.

याच्या जोडीला सिग्नलवर मोटारींची थांबण्याची रेघ काही मीटर मागे घेऊन पुढे फक्त दुचाक्यांसाठी चौकोन आखता येईल. तैवानमध्ये आणि बार्सिलोनात तसे चौकोन आहेत. दुचाक्या पुढे येऊन चालकांच्या नजरेसमोर उभ्या राहतात आणि हिरवा दिवा लागताच आधी निघून जातात. मात्र आपल्याकडे तो आखताना झेब्रा पट्ट्यांना धक्का लावू नये. त्यांवर आजच दुचाक्या उभ्या असतात, आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजी त्या दुचाक्यांच्या फटीतूनच वाट काढत असतात.